मॉडिफाय केलेली जुनी क्रूझर घेताना: कागद, किंमत आणि वेल्डिंग

जाहिरातीतली बॉबर, म्हणजे बुटकी, लांबट क्रूझर छाटून आटोपशीर केलेली गाडी, नेहमीच देखणी असते. आखूड मागचा मडगार्ड, एकच सीट, मॅट काळा रंग, गुंडाळलेला सायलेन्सर, आणि खाली ओळ: 'दीड लाखाचं काम केलंय, फक्त शौकिनांनी फोन करावा.' ते दीड लाख कशावर खर्च झाले, त्यातलं कागदावर किती बसतं आणि काढून गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते का, हे विचारल्याशिवाय फोन करू नये. मूळ रूपात परत येऊ शकणारी गाडी घ्यावी. येऊ न शकणारी कितीही स्वस्त मिळाली तरी तिचा हिशोब पुढे चुकतोच.

काम कोणत्या जातीचं आहे

'मॉडिफाय' या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं विकली जातात. पहिलं नट-बोल्टवरचं: हँडल, सीट, आरसे, इंडिकेटर, सायलेन्सर, लेगगार्ड. पाना लावून काढता येतं, मूळ सामान पोत्यात घालून माळ्यावर ठेवलेलं असतं. दुसरं ग्राइंडर लागलेलं: चासीचं मागचं टोक कापलं, मडगार्डच्या पट्ट्या उडवल्या, नवे ब्रॅकेट वेल्ड केले. तिसरं पूर्ण बांधकाम: चासी नवी किंवा तिची मान (हँडल जिथे बसतं ती जागा) वाकवलेली, पुढचा फोर्क लांबवलेला, टाकी पत्र्यातून घडवलेली. पहिल्या जातीची गाडी बिनधास्त बघायला जा. दुसरीत वेल्डिंग ओळखणारा माणूस सोबत न्या. तिसरी प्रदर्शनात उभी करण्यासाठी ठीक. रोज कात्रज घाट चढायला घेऊ नका.

आपल्याकडे पायाभूत गाड्या मोजक्याच आहेत. बजाज अ‍ॅव्हेंजर २००५ पासून. तिच्याआधी २००१ ची एलिमिनेटर. स्वस्त, बुटकी, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, म्हणून शिकाऊ हातांनी सर्वांत जास्त कापलेलीही हीच. रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड २००२ पासून २०२० पर्यंत: जुन्या गाडीत एव्हीएल जातीचं इंजिन, नंतरच्या गाडीत यूसीई जातीचं. दोघींचे भाग एकमेकींना लागत नाहीत, त्यामुळे 'थंडरबर्डच आहे' एवढ्यावर थांबू नका. नोव्हेंबर २०२० मध्ये मिटिऑर ३५० आली. हार्ले-डेव्हिडसन स्ट्रीट ७५० २०१४ मध्ये आली आणि २०२० मध्ये कंपनीने बावलचा कारखाना बंद केल्यावर संपली. ह्योसंग या कोरियन कंपनीच्या क्रूझर एके काळी वाईत जोडल्या जात; भारतातला भागीदार बदलत गेला आणि सुट्या भागांची ओढाताण तिथूनच सुरू झाली.

फक्त बॉबरचा तोराच हवा असेल तर एक सरळ वाट आहे. जावा पेराक, २०२२ ची जावा ४२ बॉबर, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली रॉयल एनफिल्ड गोअन क्लासिक ३५० या कारखान्यातूनच तशा रूपात येतात. त्यांची आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, त्याच रूपाची असते, सिग्नलला पोलिसांशी हुज्जत घालावी लागत नाही. जुन्या पेराकच्या किमतीत कुणी कापलेली रॉयल एनफिल्ड क्लासिक विकत असेल तर पेराक बघून या.

घरबसल्या करायची तपासणी

गाडी बघायला निघण्याआधी आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा. द्यायला टाळाटाळ झाली तर पेट्रोल जाळू नका. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा दिसतो. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण आरसीच्या फोटोशी ताडून पाहता येतं. मालक कितवा आहे तेही बघा. सहा वर्षांत पाचवा मालक असेल तर गाडी कुणाला झेपत नाही, हे त्यातून कळतं.

महाराष्ट्रातली थकलेली ई-चलनं वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर वेगळी तपासा. आवाजी सायलेन्सर आणि फॅन्सी नंबरप्लेट लावलेल्या गाडीवर ती हमखास असतात. कर्ज फिटलं असं विक्रेता म्हणत असेल पण आरसीवर बँकेचं नाव अजून असेल, तर बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

नोंदणीच्या तारखेत एक सापळा दडलेला असतो. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर फॉर्म २५ भरून ती पाच वर्षांसाठी वाढवतात, पर्यावरण कर भरतात आणि गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर उभी करतात. कापलेली गाडी तिथेच अडते. म्हणजे चौदा वर्षांची बॉबर विकणारा माणूस अनेकदा त्या निरीक्षकाची भेट तुमच्या गळ्यात घालत असतो.

परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे मूळ आरटीओची एनओसी, महाराष्ट्राच्या नावाने हवी. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, कर इथे नव्याने भरायचा आणि मूळ राज्याकडून उरलेल्या काळाचा परतावा मागत बसायचं. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात त्यामागे तिथला पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचा निर्बंध आहे. एनओसी, कर, वाहतूक आणि एजंटचे पैसे धरले की ती स्वस्ताई बहुतेक वेळा ट्रकमधून उतरतानाच संपते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याच्या मूळ तपशिलात आणि आरसीतल्या नोंदीत बसणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सायलेन्सरसाठी कलम १९० वेगळं: दंड १०,००० रुपयांपर्यंत आणि परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो दर वर्षी कुठल्या ना कुठल्या शहरातून छापून येतात.

बॉबरवाले विसरतात तो केंद्रीय मोटार वाहन नियम १२३. मागे बसणाऱ्यासाठी पकडायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण, म्हणजे आपलं सारी गार्ड, हवंच. आरसीवर आसनक्षमता २ असते. प्रत्यक्षात सीट एक. नंबरप्लेटचंही तसंच. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी प्लेट लागते, आणि मागचा मडगार्ड छाटून प्लेट अ‍ॅक्सलजवळ आडवी लावलेल्या गाडीवर ती नीट बसवायला जागाच नसते. रंग बदललेला असेल तर आरसीवर नोंद आहे का तेवढं बघा. ती करून घेता येते. चासीला लावलेली करवत मात्र कुठल्याही फॉर्ममध्ये बसत नाही.

किंमत आणि बातम्या

मॉडिफाय केलेल्या गाडीची किंमत तिच्या मूळ रूपातल्या बहिणीपासून मोजायला सुरुवात करतात. त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली, न बदललेली गाडी तुमच्या शहरात कितीला जाते? समजा ८५,००० रुपयांना. (आकडे निव्वळ उदाहरणासाठी.) खरोखर उपयोगी नव्या वस्तूंचे, म्हणजे वर्षभरातले टायर, चांगले शॉकअप, नवी बॅटरी यांचे, निम्मे पैसे मिळवा: ८,००० रुपये. नाहीशा झालेल्या मूळ सामानाची आजची किंमत वजा करा: सायलेन्सर, दोन्ही मडगार्ड, सीट, सारी गार्ड मिळून १५,००० रुपये. दिसलेल्या दुरुस्तीचे ५,००० रुपये वजा करा. उरले ७३,०००. रंग, क्रोम, कातडी सीट, कवटीची टोपी याचे शून्य. विक्रेता दुखावेल, पण त्याची आवड तुम्ही विकत घेत नाही.

नामांकित कार्यशाळेचं काम थोडं वेगळं मोजा. मुंबईची वर्देंची, जयपूरची राजपुताना कस्टम मोटरसायकल्स यांच्यासारख्यांनी बांधलेली गाडी असेल तर बिल आणि बांधणीच्या टप्प्यांचे फोटो मागा. बिल असेल तर नावाला किंमत. नुसतं 'त्यांच्याकडच्याच माणसाने केलंय' याला किंमत नाही.

आता ८५,००० हा आकडा आला कुठून? इथे गाड्यांच्या बातम्या खऱ्या कामाला येतात. ताजं उदाहरण जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरच्या गाड्यांवर ३१ टक्के, म्हणजे २८ आणि ३ टक्के उपकर, होता तो ४० झाला. रॉयल एनफिल्डने ३५० च्या मॉडेल्सच्या किमती २२,००० रुपयांपर्यंत उतरवल्या. म्हणजे 'मी अडीच लाखाला घेतली होती' म्हणून जुनं बिल दाखवणाऱ्या मिटिऑरवाल्याचं गणित त्या दिवशी शिळं झालं. उलट सुपर मिटिऑर ६५० नवी महागली, त्यामुळे तिची जुनी बहीणही अडून बसली. ३५० घेताना खाली ओढायला जागा आहे, ६५० घेताना फारशी नाही.

दुसरी बातमी जुनी असली तरी अजून पैसे वाचवते. सप्टेंबर २०२० मध्ये हार्लेने भारतातली विक्री आणि उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं, ऑक्टोबरमध्ये हिरो मोटोकॉर्पशी करार झाला, आणि जुलै २०२३ मध्ये एक्स४४० आली. स्ट्रीट ७५० घेताना यातून दोन प्रश्न निघतात: जवळचं अधिकृत सेवाकेंद्र किती किलोमीटरवर, आणि चेनच्या जागी असलेला मागचा पट्टा, ब्रेकचे भाग, रेडिएटरचा पंखा यांपैकी आज काय मिळतं? दोन्ही उत्तरं सेवाकेंद्रात फोन करून घ्या, विक्रेत्याकडून नाही.

तिसरी जात परत बोलावण्याच्या बातम्यांची. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने मिटिऑर, क्लासिक आणि बुलेट मिळून २,३६,९६६ गाड्या इग्निशन कॉइलच्या दोषासाठी परत बोलावल्या. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ मधलं उत्पादन. मॉडिफाय केलेल्या गाड्या अधिकृत सेवाकेंद्राकडे फिरकतच नाहीत, म्हणून अशा मोहिमांतून नेमक्या त्याच सुटतात. त्या काळातली गाडी असेल तर चासी नंबर देऊन काम झालंय का विचारा. दोषित कॉइलमुळे गाडी बुजते, बंद पडते, आणि गल्लीतला मेकॅनिक कार्ब्युरेटर नसलेल्या गाडीत 'कचरा आलाय' म्हणतो.

बातम्यांचा माग ठेवायला रोज दोन तास घालवायची गरज नाही. महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत कंपन्या आदल्या महिन्याची विक्री जाहीर करतात. आयशर मोटर्स (रॉयल एनफिल्डची मालक कंपनी), बजाज ऑटो, हिरो यांचे आकडे शेअर बाजाराला दिलेल्या निवेदनात मिळतात. ते आकडे कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्यांचे असतात. गिऱ्हाइकाच्या नावावर किती चढल्या ते फाडाच्या, म्हणजे वाहन विक्रेत्यांच्या संघटनेच्या, आकड्यांत: आरटीओ नोंदणीच्या हिशोबात. दोहोंतला फरक वाढत गेला तर डीलरकडे माल पडून आहे, सवलती येणार, आणि जुन्याचे भाव नरम होणार. नोव्हेंबरात मिलानचं आयक्मा हे दुचाकींचं प्रदर्शन आणि गोव्यात वागातोरला रॉयल एनफिल्डचा मोटोव्हर्स मेळावा. नव्या मॉडेलची घोषणा बहुधा तिथे. जुन्या मॉडेलची खरेदी त्यानंतर महिनाभराने करा.

नियमांच्या बातमीत 'मसुदा' हा शब्द शोधायची सवय लावा. जून २०२५ मध्ये सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचा मसुदा आला, आणि लगेच 'एबीएस नसलेल्या गाड्या बंद' असे मथळे फिरले. मसुद्यावर हरकती मागवतात, अंतिम अधिसूचना नंतर निघते, आणि ती आधीच नोंदलेल्या गाड्यांवर लागू आहे की नाही हे तिच्यातच लिहिलेलं असतं. गुप्त फोटो आणि 'लवकरच येणार' यांवर मात्र किंमत ठरवू नका.

गाडीसमोर उभं राहिल्यावर

सोबत घ्या: टॉर्च, साधा मल्टिमीटर, पातळ दोरी, फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, आरसीची प्रत. सकाळी जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की इंजिन थंड हवं. पोहोचल्यावर आधी इंजिनावर हात ठेवा. कोमट असेल तर चहा पिऊन या.

पहिलं काम चासी नंबर. तो चासीवर ठोकलेला असतो, बहुधा मानेजवळ. इंजिन नंबर क्रँककेसवर. आरसीतला प्रत्येक अक्षर-आकडा जुळवा. नंबराभोवती घासल्याच्या रेषा, जाड रंग, वाकडे आकडे दिसले तर तिथून निघा. इंजिन नंबर जुळत नसेल तर 'मित्राचं इंजिन टाकलंय' हे उत्तर आरटीओत चालणार नाही.

मग चासी. टॉर्च तिरपा धरून मान, इंजिनाचे माउंट, मागच्या शॉकअपचे टोक आणि सीटखालचा वळसा बघा. कारखान्याचं वेल्डिंग सलग, एकसारख्या खवल्यांचं दिसतं. स्थानिक कामात ढेकळं, छिद्रं, कडेला खाल्लेला पाइप, किंवा ग्राइंडरने गुळगुळीत करून वर चढवलेली पुट्टी दिसते. चुंबक फिरवा: जिथे पकड ढिली तिथे पुट्टी जाड. टाकीवर पुट्टी म्हणजे पडल्याची खूण, ती माफ करता येईल. चासीच्या सांध्यावर पुट्टी माफ नाही. वेल्डच्या कडेला रंगात केसासारखी रेघ असेल तर ती रंगाची नाही, लोखंडाची आहे असं समजून चाला.

शॉकअप काढून लोखंडी दांडे लावलेली हार्डटेल गाडी आपल्या रस्त्यांवर घेऊ नये. स्विंगआर्मचे, म्हणजे चिमट्याचे, सांधे आणि शॉकअपचे माउंट झुलणाऱ्या वजनासाठी बनवलेले असतात. दांडा लावला की प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट वेल्डवर बसतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

आखूड शॉकअप लावून बुटकी केलेली गाडी असेल तर तीन गोष्टी करा. सीटवर दोघांनी बसून दाबा आणि टायर मडगार्डला किंवा वायरिंगला घासतो का बघा. मडगार्डच्या आतली चकाकी सगळं सांगते. मग साइड स्टँडवर लावा. गाडी खाली आली पण स्टँड तेवढाच राहिला, तर ती जवळपास सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झोताने उलट्या बाजूला पडते. शेवटी चेन चिमट्याला घासून खाच पडली आहे का तेही बघा.

आता दोरी. दोरी मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून जमिनीपासून वीतभर उंचीवर पुढे ताणा, दोन्ही बाजूंनी. पुढचं चाक सरळ ठेवलं की दोरीपासून त्याचं अंतर डावी-उजवीकडे सारखं हवं. नसेल तर आधी चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणा जुळवून पुन्हा मापा. तरीही फरक राहिला तर चासी किंवा फोर्क वाकलेला आहे, नाहीतर जाड टायर बसवण्यासाठी चाक एका बाजूला सरकवलं आहे. दोन्ही वाईटच.

मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. टकटक जाणवली तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या मानेतले बेअरिंग, सैल. हँडल एका बोटाने हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोन सेटला खळगे पडलेत, बदलावा लागेल. खर्च फार नाही, पण तसंच चालवलं तर वेगात हँडल थरथरतं. फोर्क लांबवलेला असेल तर आत जोडतुकडा टाकलाय की पूर्ण लांबीचा नवा पाइप, एवढं विचारा. जोडतुकडा असेल तर व्यवहार तिथेच संपवा.

उंच हँडलच्या गाडीत इंजिन आयडलला ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आरपीएम (इंजिनाचे फेरे) वाढला तर थ्रॉटल केबल आखूड आहे. वळणावर गाडी आपोआप पुढे झेपावेल. ब्रेकची नळी ताणली जाते का, क्लच घट्ट होतो का, तेही त्याच फेरीत कळतं.

टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी सहा वर्षांवरचा टायर दगड होतो आणि पावसाळ्यात घसरतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवलेला असेल तर तो मधून फुगून गोल होतो. रस्त्याला टेकतो फक्त मधला पट्टा. स्पोक एकेक टिचकी मारून ऐका, बद्द वाजणारा सैल.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. म्हणून त्यानंतरच्या गाडीत चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागायला हवा आणि चालू लागल्यावर विझायला हवा. लागलेलाच राहिला तर चाक किंवा फोर्क बदलताना सेन्सर गेलाय. अजिबात लागत नसेल तर ते जास्त गंभीर: दोष लपवण्यासाठी दिवाच काढलाय, किंवा बाहेरून आणलेल्या गोल मीटरमध्ये तो नाहीच.

वायरिंग: बहुतेक पैसे इथे जातात

मॉडिफाय केलेल्या गाड्यांची रस्त्यात बंद पडण्याची सवय बहुधा वायरिंगमधून येते. सीट उचला. कारखान्याचे जोड कुलूपबंद कनेक्टरचे असतात. हाताच्या कामात वायरी पिळून वर काळी टेप. मोजून बघा असे जोड किती. दहाच्या वर असतील तर पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

मल्टिमीटर बॅटरीला लावा. गाडी बंद असताना १२.५ ते १२.७ व्होल्ट ठीक. स्टार्टर दाबताना ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली. चालू करून ३,००० आरपीएमला साधारण १३.८ ते १४.५ हवेत. १३ च्या आत राहिला तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरी व एलईडी दोन्ही शिजवेल. फ्यूज काढून त्यावरचा आकडा बघा. १५ च्या जागी ३० चा असेल, किंवा चक्क वायरीचा तुकडा, तर कुठेतरी शॉर्ट होतोय आणि कुणीतरी त्याच्यावर पांघरूण घातलंय. हेडलाइट दहा मिनिटं लावून कनेक्टरला बोट लावा. गरम असेल तर मोठा बल्ब रिलेशिवाय जोडलेला आहे.

इंजिन, टाकी, सायलेन्सर

थंड इंजिन चालू होताना सायलेन्सरकडे बघा. पांढरी वाफ क्षणभर आली तर चालेल. निळसर धूर थांबत नसेल तर ऑइल जळतंय. यूसीई इंजिनच्या थंडरबर्ड-क्लासिकमध्ये सेल्फ मारताना करकर किंवा ठक्क असा आवाज आला तर सेल्फची ताकद इंजिनाला देणारा स्प्रॅग क्लच जातोय. तो या इंजिनचा नेहमीचा रोग आहे, आणि त्याला कमकुवत बॅटरी खतपाणी घालते. ती बॅटरी बॉबरवाले लहान करून लपवतात, म्हणून बॅटरी मूळ आकाराची आहे का तेही इथेच बघा.

टाकीत टॉर्च मारा. गंज दिसला तर पुढचा कार्ब्युरेटर किंवा फ्युएल पंप तुमच्या खर्चाने. आता पंपावर मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पाणी शोषतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या शोच्या गाड्यांत गंज आणि जुन्या रबरी नळ्यांना चिरा जास्त. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला शेंगदाण्याच्या आकाराची छोटी टाकी लावली असेल तर पंप कुठे बसवलाय, त्याच्या तळाशी ओल आहे का, हे बोट फिरवून बघाच.

मोकळा सायलेन्सर लावताना बीएस६ गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) बहुधा जातो, ऑक्सिजन सेन्सर तारेने बांधून ठेवलेला असतो. थ्रॉटल सोडल्यावर फटाके आणि इंजिनापाशी निळा पडलेला पाइप म्हणजे मिश्रण हलकं झालंय. मूळ सायलेन्सर मिळणार नसेल तर नाना पेठेत किंवा कुर्ल्यात त्याची किंमत आधी विचारा आणि मगच आकडा बोला.

चालवून बघताना

विमा चालू असेल तरच रस्त्यावर न्या. वीस मिनिटं हवीत. पन्नासच्या वेगाला हँडलवरची पकड हलकी करा, सोडू नका; गाडी एका बाजूला जाते का? दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावा. चढावर वरच्या गियरमध्ये थ्रॉटल उघडा. आरपीएम वाढतो पण वेग नाही, तर क्लच प्लेट. पाय पुढे नेणारे फूटपेग असतील तर मागचा ब्रेक आणि गियर यांच्या लांबवलेल्या सळ्यांचा खेळ तपासा. तिथला एक सैल बोल्ट ब्रेक गायब करतो. स्ट्रीट ७५० असेल तर इंजिन तापू द्या आणि पंखा सुरू होतो का ऐका. परत आल्यावर मागच्या पट्ट्यात चिरा, रुतलेला खडा, उडालेले दात बघा.

व्यवहार

टोकन थोडकंच द्या, पावतीवर 'कागद न जुळल्यास परत' असं लिहून. बाकी रक्कम बँकेतून. दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि त्याहून कमी असली तरी रोखीचा पुरावा उरत नाही. मालकाशीच व्यवहार करा. 'मामाच्या नावावर आहे' असेल तर मामा समोर हवेत. डीलरकडून घेत असाल तर त्याला त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो कर तो किमतीत धरतोच. तुम्ही खासगी माणसाकडून घेता तेव्हा असा कर नाही.

सह्या करून घ्यायचं ते: गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, मूळ आरसी, विमा, पीयूसी, विक्रेत्याच्या आधार-पॅनच्या प्रती, दोन्ही चाव्या, आणि तारखेसह वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट. वेळ महत्त्वाची, कारण त्या मिनिटापर्यंतची चलनं त्याची आणि पुढची तुमची. मूळ सामानाची यादीही तिच्यातच लिहा, एकेक नाव घेऊन.

नावावर करायला उशीर करू नका. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अपघाताची भरपाई नोंदणीत ज्याचं नाव त्याच्यावर येते, गाडी विकली असली तरी. हे विक्रेत्याला सांगितलं की तो स्वतःहून आरटीओत यायला तयार होतो.

विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. शिल्लक राहिलेले बदल विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावर स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं.

पहिले पाचशे किलोमीटर

गाडी घरी आली की इंजिन ऑइल व फिल्टर बदला, ब्रेक ऑइल बदला (कोणतं ते ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं), कोन सेट उघडून ग्रीस भरा, चेन मागच्या स्प्रॉकेटवरून ओढून बघा. अर्धा दात उघडा पडला तर पूर्ण संच बदला. आवाजी सायलेन्सर, सारी गार्ड आणि नंबरप्लेट यांचा निकाल पहिल्याच आठवड्यात लावा. शंभर, तीनशे आणि पाचशे किलोमीटरला हँडल क्लॅम्प, फूटपेग, कॅलिपर, सीट आणि मडगार्डचे सगळे बोल्ट पाना लावून बघा. हाताने बनवलेल्या ब्रॅकेटवर स्प्रिंग वॉशर नसतात, आणि सिंगल सिलिंडरच्या थरथराटात सगळ्यात आधी गळून पडतो तो मागचा इंडिकेटर. बोल्टवर रंगाच्या पेनने एक रेघ मारून ठेवा. रेघ सरकली की बोल्ट फिरला.